चारशे बारावी खेळी

पहिल्या खेळीला माझ्याकडं एक गाव होतं,
एक मजूर, एक भालेवाला,
बाकी नकाशा काळा.
बटण दाबलं की पापणी लवायच्या आत
वर्ष बदलायचं.

आता चारशे बारावी.
बटण दाबून शटर अर्धं ओढलं,
नळेगाव रोडच्या टपरीवर जाऊन
कट चहा पिऊन आलो,
सुट्टे नव्हते म्हणून थोडा वादही घातला,
तरी पडद्यावर तेच गोल चक्र:
इतर राजे विचार करत आहेत.

कसला विचार करूलालेत एवढा?
एकाकडं बेटावर दोन गावं उरलीत.
दुसऱ्याकडं तर नुसती एक होडी.
जिंकलोय मी, केव्हाच.
फक्त ते संपत नाही.

मशीन मीच बांधलेलं.
रॅम कुठल्याशा लिलावातली,
तिचे दात खोडरबरानं घासून सोनेरी केलेले.
कॅबिनेटचं झाकण कायमचं काढलेलं,
टेबलफॅनचं तोंड त्याच्याकडं.
उदगीरचा मे, आणि मी बनियनवर,
वारा सगळा साम्राज्याला.

शेजारचा मोईज प्रिंटर दुरुस्त करतो,
सल्ला फुकट देतो.
"सावल्या काढ. पाणी सपाट कर. झाडं कमी कर."
केलं.
समुद्र गुळगुळीत झाला, बुरूज बिनसावलीचे,
खेळी तेवढीच लांब.

परवा सापडलं.
माझेच मजूर. दोनशे चाळीस.
शंभराव्या खेळीच्या आसपास कधीतरी
त्यांना 'आपोआप'वर टाकलं
आणि विसरून गेलो.
रस्ते झाले, पाट झाले, डोंगर पोखरून झाले,
फावडं मारायला एक चौकोन शिल्लक नाही.
तरी दर खेळीला प्रत्येकजण
अख्खा नकाशा पहिल्यापासून बघतो.
हा चौकोन? झालेला.
हा? झालेला.
उत्तरेच्या बर्फापर्यंत मनानं जाऊन येतो
आणि होता तिथंच बसतो.
मग दुसरा उठतो.
तेवढा वेळ पंखा घरघरतो.

दिवसा ह्याच मशीनवर मी फॉर्म भरतो.
तलाठी, वनरक्षक, आरोग्यसेवक, कारागृह शिपाई.
शेवटच्या तारखेला रात्री अकरा पन्नासला
तिथंही असंच चक्र.
पाठीमागं हंडरगुळीचा, देवर्जनचा कुणीतरी
श्वास धरून उभा:
"हँग झालं का सर?"
नाही रे. विचार करूलालंय.

ज्ञानोबा घोणसेचं वेगळं फोल्डरच आहे.
फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो,
त्यामुळं सव्वीस फोटो.
ओळीनं उघडत गेलं
की केस मागं सरकत जातात.
सही मात्र अगदी तीच.

"बरखास्त कर की त्यांना," मोईज म्हणाला,
"एका बटणाचं काम."
एकाला केलं.
आवाज नाही, काही नाही,
खजिन्यात पाच नाणी परत आली.
मोबाईलवर वेळ लावून पाहिला,
दोन सेकंद वाचले.
तीस जण काढले असे. खेळी एक मिनिटानं उतरली.
एकतिसाव्यावर बाण नेला
आणि नुसताच बसून राहिलो.

एक दुसरी आज्ञा आहे: झोप.
झोपलेला शोधत नाही.
ती एकदम सगळ्यांना देता येत नाही,
एकेकाला गाठून द्यावी लागते.
दोनशे दहा वेळा दिली.
गाठ, झोप. गाठ, झोप.
मोईज जांभई देऊन निघून गेला.
रस्त्यावरची कुत्रीसुद्धा गप झाली.

मग बटण दाबलं
आणि चहाचा विचार मनात येईपर्यंत
पडद्यावर: तुमची खेळी.

इतक्यात शटरवर थाप.
"सर, तारीख वाढली म्हणत होते, नाही वाढली."
अकरा बेचाळीस.
खेळ बंद केला,
मशीन दोन्ही एकदम पेलत नाही.
फॅनचं तोंड जरा त्याच्याकडं वळवलं,
तो घामानं भिजला होता.
नाव मीच टाकलं.
जन्मतारीख विचारावी लागत नाही.