वीस

श्वासाच्या रकान्यात सगळे वीसच लिहितात.
माझ्याआधीच्या शिफ्टने लिहिलं होतं, तिच्याआधीच्या शिफ्टनेही.
अख्खा वॉर्ड जणू कवायतीला उभा,
एका तालात छाती वरखाली करत.
मीही लिहिलं रात्री दहाला, बेड अकरा : वीस.
मोजलं नव्हतं.

गायकर मॅडम मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायच्या.
पूर्ण मिनिट. अर्ध्याची दुप्पट नाही.
नाडी बघतोय असं दाखवायचं आणि बघायची छाती,
कारण माणसाला कळलं ना तुम्ही श्वास मोजताय,
की तो तुमच्यासाठी श्वास घेतो.

बेड अकरा म्हणजे रंगराव शेलार, वय त्रेपन्न,
राहणार कोपरखैरणे, मूळ गाव जावळीत कुठेतरी.
कांदा-बटाटा मार्केटात माथाडी.
आतडं फुटलेलं, ऑपरेशननंतरची दुसरी रात्र.
"कसं वाटतंय, मामा?"
"बरंय की."
पाठीवर गोणी असतानाही हा माणूस असंच म्हणत असणार.

दोनच्या सुमारास तुर्भ्याकडून
ट्रक मागे घेतल्याचे आवाज यायला लागले
आणि मामा मोजू लागले :
एकेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस,
हात चादरीवरून काहीतरी ओढत.
मावशी म्हणाल्या, स्वप्नात गाडी खाली करतायत.
मी हसले.
मग दिसलं, डोळे उघडे आहेत.

मनगट धरलं.
ते गोण्या मोजत होते, मी त्यांचे श्वास,
माझ्या सतरामध्ये त्यांचे त्रेचाळीस घुसले,
मी पुन्हा एकपासून सुरू केलं.
अठ्ठावीस.
नाडी एकशे अठरा. प्रेशर शंभरावर, कसंबसं.
ताप नाही, उलट पाय गार.
पिशवीत चार तासांत लघवी ऐंशी मिली,
कोऱ्या चहासारखी.

परीक्षेत चार पर्याय असतात.
इथे पाचवाही होता, गप्प बसायचा.
अठ्ठावीस लिहिलं की कुणीतरी दहाच्या वीसवर बोट ठेवणार,
आणि माझ्या जर्नलवरच्या सह्या अजून बाकी.

डाबरे सिस्टर इंजेक्शनं भरत होत्या.
"सिस्टर, अकरा नंबर जरा बघता का, बरे वाटत नाहीत."
"जरा म्हणजे किती?"
मी आकडे सांगितले.
आणि कुणी विचारलं नसताना,
"दहाचं वीस मी न मोजता लिहिलंय."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ट्रे खाली ठेवला.
"फोन तू कर. डॉक्टर झोपेतून उठणार.
बेड नंबरपासून सुरू कर, सॉरीपासून नको."

सोनटक्के डॉक्टर आले, शर्टाची बटणं खालीवर.
ऑक्सिजन, रक्ताचे नमुने, दोन्ही हातांना सलाईन.
तीन वीसला स्ट्रेचर वर न्यायला निघालं.
लिफ्टमध्ये मामांनी माझी बाही धरली,
"किती झाल्या?"
"अठ्ठावीस."
"मग लई राहिल्यात," म्हणाले आणि डोळे मिटले.

चुकलेल्या नोंदीवर खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर नाहीच.
एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे.
बाजूला : मोजले नाही. प्र. मढवी, ३.४०.
ते वीस अजून दिसतं. दिसणार.

सकाळी लॉकर रिकामा करताना
टॉवेलात गुंडाळलेला त्यांचा आकडा सापडला,
गोणीत रुतवायचा, मूठ घामाने काळी पडलेली.
वरून अजून काही निरोप नव्हता.
रजिस्टरमध्ये लिहिलं, आकडा, लोखंडी.
पुढचा रकाना नगांचा.
एकच होता,
तरी मी टॉवेल पुन्हा उघडला.