तीन बेअरिंग, पाच बेअरिंग

उद्यमबागेत एकतीस वर्षं
मी लोकांचे क्रँकशाफ्ट घासले.
ट्रॅक्टरचे, पंपांचे,
एकदा तर सर्कशीतल्या जनरेटरचा.
मार्चमध्ये शेड विकली. पैसे हातात आले तेव्हा
दस्तगीर म्हणाला, "आक्का, आता तरी एक गाडी घ्या की,
कशाच्या बी कामाची नसलेली."

गावात अशा दोनच.

कॅम्पात, ब्रागांझा बाईंच्या पडवीत, ताडपत्रीखाली
त्रेसष्टची एमजी. नंबराच्या पाटीवर अजून म्हैसूर राज्य.
दाराला ओढायची मूठ, जुन्या कपाटाला असते तशी.
क्रोमचा बंपर इतका निमुळता
की माझा चेहरा त्यात आडवा लाटला गेला.
"चालत्या गाडीत पहिला गियर पडत नाही," बाई म्हणाल्या.
"आधी थांबायचं. पुरतं थांबायचं.
मेजरना ते कधी जमलं नाही."
मग हसल्या. कशावर, ते मी विचारलं नाही.

दुसरी अनगोळात, वीरभद्र पट्टणशेट्टीच्या गोडाऊनात,
मिरचीच्या पोत्यांमागे. शहात्तरची.
कुण्या खलाशानं वास्कोला उतरवलेली,
चोर्ल्याच्या घाटातून इकडे आलेली.
कुठल्या तरी परदेशी कायद्यापायी
नाकावर काळं रबर, कंबर दीड इंच वर,
ओढ्यातून जाताना पायजमा खोचलेल्या माणसागत.
दस्तगीर तिला म्हैस म्हणतो.

मी नाक बघत नाही. मी आत बघते.
त्रेसष्टच्या क्रँकला तीन बेअरिंग,
शहात्तरच्याला पाच.
तिनावर दांडा मधे लवतो,
केसाहून बारीक, खरं लवतो.
आणि फिरतो तर असा, जणू अंगावर कुणाचं देणंच नाही.
पाचावर तो धरलेला असतो, जड, शहाणा.
तीनवाले माझ्याकडे लवकर यायचे.
माझं पोट त्यांच्यावर चाललं.

रविवारी दोन्ही जांबोटी रस्त्याला काढल्या.
पिरनवाडीच्या स्पीडब्रेकरवर त्रेसष्टनं पोट घासलं,
चहावाला पातेलं सोडून बघायला आला.
किणयेच्या पुढे रस्ता रिकामा.
चार हजारांवर इंजिननं एक सूर धरला
जो एकतीस वर्षांत ग्राइंडरच्या आवाजाखाली
कधी कानावर आला नव्हता.
मग म्हशी आडव्या आल्या, खऱ्या.
थांबले. पुरती थांबले.
शेवटचं रेडकू पार गेलं
तरी हात गियरकडे गेला नाही.
मागून दस्तगीरनं हॉर्न दिला.

परतताना शहात्तर.
वळणावर अंग टाकते, लग्नातून परतणाऱ्या मामीसारखी,
खरं स्पीडब्रेकर तिनं ओलांडला तो
कपातला चहा न हिंदकळता.
"रबर काढू, क्रोम बसवू, कंबर उतरवू," दस्तगीर म्हणाला,
"त्रेसष्टची दिसंल. कुणाला कळतंय?"
शेडच्या पाटीवर गावाचं नाव
मी तीनदा रंगवून घेतलं होतं, दोन लिप्यांत.
आत ग्राइंडर एकच होता.
"राहू दे काळं," म्हटलं.

ब्रागांझा बाईंना सांगायला गेले तेव्हा
त्यांनी ताडपत्रीची दोरी सोडली नि परत बांधली.
"का?"
"तुमची एक दिवस घासायला येणार," मी म्हणाले,
"नि शेड तर मी विकली."
त्यांना ते पटलं असावं. किंवा नसावं.
"मग गुरुवारी येत जा. उभ्या उभ्या बॅटरी मरते."

दर गुरुवारी मी म्हशीतून कॅम्पात जाते,
तिची मूठ ओढते, आत बसते,
किल्ली फिरवते,
आणि बाई खिडकीतून बघतायत की नाही ते न बघता
चार हजारांपर्यंत नेते,
जागच्या जागी.