अर्धा वेढा

लेडव्हिल, कोलोरॅडो. उंची दहा हजार एकशे बावन्न फूट.
कंपनीची गाडी घेऊन मी इथवर आलो
विरळ हवेत तिचं कसं होतं ते मोजायला,
आणि गावाच्या तोंडाशीच चाकात खिळा घुसला.

डेल्फिना आर्चुलेटा म्हणाली, थांबावं लागेल.
आधी तो ट्रक.
कॅन्ससहून एल्कच्या शिकारीला आलेला, एकाहत्तरचा फोर्ड,
सगळा चढ काळा धूर ओकत.
तिनं प्लग काढून माझ्या हातावर ठेवला:
काजळी, तव्याच्या बुडासारखी, बोटाला लागणारी.
"याला वाटतंय अजून सपाटीवरच आहोत.
तेवढंच पितोय. हवा कुठाय तेवढी?"

मला आकडा पाठ आहे:
चौदा पूर्णांक सात भाग हवा, एक भाग पेट्रोल, वजनाने.
माझ्या गाडीत एक सेन्सर धुराड्यात नाक खुपसून बसतो,
सेकंदात कितीतरी वेळा चुगली करतो,
आणि कॉम्प्युटर निमूट मात्रा बदलतो.
मी हे तिला सांगितलं. ती "हो का" म्हणाली,
पाहुण्यांच्या पोराच्या मार्कांना म्हणतात तसं.

फळीवर लोणच्याची बरणी, आत जेट,
पितळी, हरभऱ्याएवढे,
प्रत्येकाच्या पोटात सुईएवढं भोक.
मला आईच्या स्टोव्हचं निपल आठवलं, आणि ती पिन,
जी कधीच जागेवर नसायची,
आणि भकभकणारी पिवळी ज्योत
एकदम निळी होऊन फुरफुरायची ते.

चोपन्न काढून तिनं एक्कावन्न बसवला.
ट्रक सुरू झाला, लंगडत.
मग स्क्रू. डोळे मिटून.
"आत फिरवायचा, अडखळेपर्यंत.
मग अर्धा वेढा मागे.
अडखळल्याशिवाय कळत नाही."

पत्र्याच्या भिंतीपलीकडे घर होतं.
तिकडून इतका वेळ एक घरघर येत होती,
मी ती कॉम्प्रेसरची धरून चाललो होतो.
तिचा हात स्क्रूवर थबकला.
ट्रकचा आवाज मला तरी तोच वाटला.
ट्रक तसाच चालू ठेवून ती आत गेली.

दारातून दिसला: खुर्चीत एक माणूस,
नाकाला नळी, मांडीवर कालचं वर्तमानपत्र.
एलॉय. मॉलिब्डेनमच्या खाणीत एकतीस वर्षं.
डॉक्टर म्हणतात, खाली प्वेब्लोला जा, तिथे हवा दाट आहे.
तो म्हणतो, तिथे आपलं कोण आहे?
तिनं यंत्राचं बटण जरासं फिरवलं
आणि नुसती उभी राहिली,
मान कलती, मघा बॉनेटखाली होती तशीच.
परत आली. हात पुसत म्हणाली, "अडीच."
मी विचारलं नव्हतं.

शिकाऱ्याला तिनं बजावलं:
घरी पोचलास की जुना जेट परत बसव,
नाहीतर पेट्रोल अपुरं पडून तापेल.
महिन्यानं प्लग बघ. टोस्टच्या रंगाचा हवा.
गव्हाळ, मी मनात म्हटलं.

माझ्या चाकाचे बारा डॉलर.
घाट उतरताना कानांना दडे बसले,
आणि सेन्सरनं, मला काही न कळवता,
पेट्रोल वाढवलं.