दोन सप्तकं खाली

मार्चचा तिसरा आठवडा, हडर्सफील्ड.
दर शनिवारी टेकडी चढून येते,
आणि नगरपालिकेकडून भाड्यानं घेतलेला हा तुकडा
मला फाटकातूनच परत पाठवतो,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा.

शेजारच्या तुकड्यातले ब्रॉडबेंट
बाही दुमडतात, कण्हत गुडघ्यावर बसतात,
उघडं कोपर मातीला टेकवतात,
बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसं.
"अजून नाही."
त्यांचे वडील म्हणे यासाठी पँट उतरवून बसायचे.
"मी सुधारलेला माणूस," ब्रॉडबेंट म्हणतात.

तर मेथी डब्यात, घेवडा डब्यात,
टोमॅटोची सहा रोपं अंड्यांच्या पुठ्ठ्यात
स्वयंपाकघराच्या खिडकीशी माना लांब करून.
हाताला काम नाही म्हणून
मी आवाज गोळा करते.
मुठीएवढं यंत्र, त्याला वाऱ्यासाठी केसाळ टोपडं.

पिंपातल्या पाण्यावरचा बर्फ, काठीनं फोडताना : अकरा सेकंद.
शेडच्या पत्र्यावर गारा : दोन मिनिटं.
कुदळ दगडाला लागली : एक सेकंद,
पुढे माझी शिवी. ती कापली नाही.

रात्री नावं देऊन इंटरनेटवर चढवते.
चिपळूणहून कुणी विचारतं, पापड मोडताय का?
ओरेगॉनची एक बाई गारा लावून झोपते.
मुलगा म्हणतो, लोक गाणी टाकतात,
तू पिंप टाकतेस.

काल कुंपणाजवळच्या झाडात गोल्डक्रेस्ट आला.
वीस पेनींच्या नाण्याएवढं वजन,
माथ्यावर हळदीचं एक बोट ओढलेलं.
आवाज सुईच्या टोकाचा.
ऐका, मी ब्रॉडबेंटना खूण केली.
त्यांनी झाडाकडे पाहिलं,
मग माझ्या तोंडाकडे.

पंधराव्या वर्षी गिरणीत गेलेला माणूस.
मागांच्या त्या खडखडाटात
आधी ओठ वाचायला शिकला, मग विणायला.
वरचे सूर तिथेच राहिले,
गेले असतील कापडात,
कुणाच्या तरी कोटाला.
"लहानपणी ऐकायचो," ते म्हणाले.
"मला वाटलं, संपले ते पक्षी."

यावर काय बोलायचं?
घरी येऊन मी तो आवाज ताणत बसले.
चौपट लांब केला,
दोन सप्तकं खाली उतरवला.
भात करपला.
पण सुईला नेढं दिसायला लागलं.

आज शेडमध्ये, उलट्या बादलीवर त्यांना बसवून
कानांना हेडफोन लावले.
थर्मासचं झाकण हातात तसंच, चहा निवत.
एकदा ऐकलं. बोट फिरवून सांगितलं, परत.
डोळे मिटले नाहीत; खिडकीतून झाडाकडे बघत होते,
एवढा आवाज त्या फांद्यांत मावतो कसा,
याचा हिशेब करत असावेत.
"हा तो नव्हे," शेवटी म्हणाले.
चहाचा एक घोट.
"थोरला भाऊ असेल त्याचा."

आणि मग, हेडफोन न काढताच, मोठ्यानं :
"वरचं अजून काय काय आहे तुझ्याकडे?"

मी सांगत गेले, ओठ नीट हलवत.
माझ्या किटलीची शिट्टी.
चिचुंद्र्यांचं भांडण, कंपोस्टच्या ढिगाखाली.
तुमच्या फाटकाच्या बिजागरीची किंकाळी.

"बिजागरी वाजते?"
वाजते.
"कधीपासून?"
मी येते आहे तेव्हापासून. नऊ वर्षं.
"नऊ वर्षं! आणि तू बोलली नाहीस?"

ते उठले, फळीवरची तेलाची बुधली शोधली,
झाकणाशी झटापट करत निघाले तरातरा,
अपमान झालेल्या घरमालकासारखे.
मी मागून धावले, यंत्र हातात, टोपडं वाकडं,
थांबा, ब्रॉडबेंट, थांबा,
आधी नोंदवून घेते.

बाहेर भुरभुर सुरू झाली होती,
पाऊस की बर्फ, ठरत नव्हतं.