काट्याचं वजन

सावद्याच्या केळीच्या वखारीत, वजनकाट्याखाली
सापडला, म्हणून काट्या.
तेव्हा दीड किलो भरला होता, शेपटीसकट.
मी वहीत मांडलं, मालकाच्या हिशेबाखाली,
पेन्सिलीनं.

दर फाल्गुनात एकदा आम्ही दोघं पालला जातो.
एसटीत मागचा बाक: मी वर, तो खाली.
कंडक्टर ओळखीचा. त्याचं अर्धं तिकीट मागतो
आणि स्वतःच हसतो.

नाक्यावर या वर्षी नवा वनरक्षक, रुबाब तडवी,
गणवेशावर अजून दुकानातली घडी.
"कुत्र्याले आत नेता येत नही, भाऊ."
"दरवर्षी नेतो."
"दरवर्षी मी नव्हतो ना."
मग जरा ओशाळून समजावतो,
वाटेवर वास राहतो, भेकरं पाण्याला यायला बिचकतात.
"जंगल जनावरायचं आहे."

हे काट्याला लागलं असेल असं मला वाटलं.
तो रुबाबच्या बुटावरचं कसलंसं शेण
मन लावून हुंगत होता.

म्हणून हद्दीच्या बाहेरून निघालो.
डावीकडे चुना फासलेले दगड, आकडे घातलेले,
उजवीकडे कुणाचा तरी हरभरा काढून झालेला.
दगडांच्या आत सालई, पांढरी, साल सुटलेली.
बाहेरही सालईच.
पळसानं दोन्हीकडे फुलं टाकली होती,
त्याला कुणी नकाशा दाखवला नसावा.
काट्या दर दगडाशी थांबला, पाय वर केला,
सरकारी हद्दीवर आपली हद्द मांडत गेला
एकोणिसाव्या दगडापर्यंत.
तिथं त्याचं पाणी संपलं.

टेकाडावरून सुकीचं धरण दिसतं, ताटलीएवढं.
कळण्याची भाकरी अर्धी त्याला, अर्धी मला.
ठेचा तो दर वर्षी हुंगतो
आणि दर वर्षी शिंकतो.

तेवढ्यात आत कुठेतरी वानर खाकरलं.
एकदाच.
मग पाखरंही गप्प झाली.
काट्या माझ्या पोटरीला चिकटला,
पाठीवरचे केस उभे.
त्याला पाहून माझ्याही अंगावर काटा.
वाळली पानं दगडांच्या पलीकडून
सावकाश, कुणाला न घाबरता, वाजत गेली.
काय होतं ते त्यानं मला सांगितलं नाही.
पुढचा अर्धा तास
तो माझ्या पुढं गेला नाही, एवढंच.

उतारावर बोरीचा काटा मोडला त्याच्या पंजात.
काढला. चाटलं त्यानं. उठला नाही.
"चल रे," म्हटलं. कान हलवला.
सूर्य कलत होता, शेवटची गाडी साडेपाचची.
टॉवेल दुमडून खांद्यावर ठेवला
आणि त्याला उचललं, घड उचलतात तसं,
देठाकडची बाजू पुढं.

अठ्ठावीस वर्षं घड उचलतोय.
खांद्यावर आला की सांगतो किती भरेल,
पाव किलो इकडे नाही की तिकडे.
व्यापारी पैजा लावतात, हरतात.

नाक्यावर रुबाबनं भगुण्यात पाणी आणलं,
खाली बसला, पंजा उलटा करून पाहिला.
"भारी असेल ना? किती?"
"बावीस," मी म्हणालो. लगेच.

रात्री वखारीत कुणी नव्हतं.
दिवा लावला, त्याला काट्यावर बसवलं.
सतरा किलो, चारशे.
टिचकी मारली. पुन्हा पाहिलं.
सतरा, चारशे.

वही काढली. पेन्सिल पुसट झालेली.
बावीस होतं, तीन फाल्गुनांपूर्वी.
मधल्या दोन वर्षी
मी त्याला तोललंच नव्हतं.

काट्या स्वतःच उतरला, तीन पायांवर,
आणि खाली, आपल्या जागेवर जाऊन झोपला.
वर सुई थरथरत राहिली.
जुनी आहे,
शून्यावर यायला वेळ घेते.