चौथी ब, मराठीचा तास

फळ्यावर लिहिलं : आज
सुंदर, छान, मस्त
या तिघांना सुट्टी.
वर्ग गप्प.
मग तन्वीर : "बाई, मग लिहायचं कशानं?"

टेबलावर एक लिंबू ठेवलं.
हात लावा, हुंगा, कानाशी धरा.
कानाशी म्हटल्यावर खिदळले सगळे.
मुरुगेश तेवढा धरून बसला बराच वेळ,
म्हणाला, "आत कुणीतरी झोपलंय."

खिडकीबाहेर दारूखाना.
अर्धं कापून ठेवलेलं जहाज,
कटरच्या ठिणग्या,
बोलायला तोंड उघडलं की
जिभेवर लोखंड.
मला अजून सवय नाही,
पोरांना त्याचं काहीच नाही.
म्हटलं, लिंबू पुरे. आता ते लिहा.

वह्यांत आधी तेच ते :
'जहाज खूप मोठे असते.
मला जहाज फार आवडते.'

प्रणोती लोखंडे शेवटी आली,
खोडून खोडून पानाला भोक पाडून.

'जहाजाचा गंज
पप्पांच्या बनेलवर बसून घरी येतो.
आई धुते. पाणी चहासारखं होतं.
जहाज असं थोडं थोडं
आमच्या मोरितुन
परत समूद्रात जातं.'

वेलांटी चुकलेली, उकार चुकलेले.
लाल पेनाचं टोपण
काढलं, परत लावलं.
निदान शेरा तरी द्यावा खाली,
तर हाताशी एकच शब्द आला
आणि तो आज सुट्टीवर.

प्रणोती उभीच. "बाई, चुकलं का?"

मी लिंबू उचललं,
कानाशी धरलं.