खळ

पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही रात्री अडीचला.
त्याआधी बॅरल घासायचं काम माझं.
खांद्यापर्यंत हात आत घातला की बोटांना लागते
बुळबुळ. दिसत नाही, नखात सापडत नाही.
अम्मा म्हणते, काथ्यानं घास.
घासते. पुढच्या पाळीला ती परत हजर.

हिप्परग्याच्या तळ्यात आम्ही काचपट्टी सोडली होती.
दोरा मी नेलेला, घरचा, वीस नंबरी.
चार दिवसांनी काढली, नळाखाली धरली,
तोटी पूर्ण उघडून.
तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते होतेच:
स्वल्पविरामासारखे वाकडे,
देठावर उभे,
देठाच्या टोकाशी डिंकाचा ठिपका.

आधी शेपटी असते, कुलकर्णी मॅडम म्हणाल्या.
पोहत सुटतो. मग धडकतो कशाला तरी,
दगडाला, पानाला, आपल्या काचेला,
आणि तिथल्या तिथे डिंक सोडतो.
पाण्यात. ओल्यावर.
शेपटी गळून जाते. देठ फुटतो.
बसल्याशिवाय त्याला पोर होत नाही.
पोर झालं की ते शेपटी हलवत निघून जातं,
आई तिथेच.

वहीत आकृती काढली.
बाण कुणीकडे काढायचा ते विचारायचं राहिलं.
भार्गवीअक्का आता हिंजवडीत असते.

रात्री नान्नाला सांगितलं.
तीस वर्षं सायझिंगला आहे तो,
अंगाला खळीचा आंबूस वास, आंघोळीनंतरही.
घरात आम्ही तिला गंजी म्हणतो.
म्हटलं, नान्ना, असली गंजी आहे, कितीही धुतली तरी जात नाही.
मला वाटलं खूश होईल.
त्यानं भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला.
“मग काय कामाची?
मागावर ताण सोसेपर्यंत धरायचं,
नंतर पाण्यात निघून जायचं.
नाही निघाली तर टॉवेल पाणी पीत नाही.”
आणि जेवायला लागला.

अडीच वाजले. नळानं आधी हवा सोडली, मग गढूळ.
गल्लीभर मोटारी सुरू झाल्या.
मी बॅरलमध्ये वाकलेली,
तळाशी माझाच श्वास घुमतोय,
हातात काथ्या.
कितीजण असतील इथे,
या तळहाताएवढ्या जागेत,
आपापला ठिपका घट्ट धरून?

“झालं का गं?” अम्मा वरून.

जरा थांब.